ज्योत कुठे, उजेड कुठे

अमेरिकेत लग्नाच्या स्वागत समारंभात आठ जणांसाठी जे गोल टेबल मांडतात, त्याचा व्यास ६० इंच, म्हणजे सुमारे १५२ सेंटिमीटर असतो. काठापासून आतली चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर जागा बशा, काटे-चमचे, पेले आणि नॅपकिन यांनी व्यापलेली असते. मधोमध उरतं ते साठ-सत्तर सेंटिमीटर व्यासाचं एक वर्तुळ. टेबलाची सजावट, जिला आपल्याकडचे डेकोरेटरही आता सेंटरपीस म्हणतात, ती एवढ्याच जागेत बसवायची असते: फुलं, पानं, कापडाची पट्टी, टेबलाचा क्रमांक लिहिलेलं कार्ड आणि या सगळ्याच्या मधे मेणबत्त्या. आता नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या अमेरिकेतल्या आगप्रतिबंधक मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा सल्ला पाहा. पेटत्या मेणबत्तीपासून पेट घेऊ शकणारी कोणतीही वस्तू किमान १२ इंच, म्हणजे ३० सेंटिमीटर दूर ठेवा, असं ती सांगते. चारी बाजूंनी ३० सेंटिमीटर सोडायचे तर ६० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ रिकामं हवं. टेबलाच्या मध्यावर एकूण जागाच तेवढी असते. हा सल्ला पाळायचा तर मेणबत्ती ठेवल्यावर फुलाची एक पाकळीही शेजारी ठेवता येणार नाही. फुलांच्या कुशीत उघडी मेणबत्ती, हे चित्र कितीही ओळखीचं झालं असलं तरी मुळातच या हिशेबात बसत नाही.

गोल टेबलांची ही पद्धत पाश्चात्त्य लग्नांतली. विधी चर्चमध्ये होतो आणि नंतर हॉलमध्ये चार-पाच तास बसून जेवण, भाषणं, नाच असं चालतं. गोव्यातल्या आणि वसईतल्या ख्रिस्ती लग्नांत ती रुळलेली आहे. मोठ्या हॉटेलांतल्या रिसेप्शनमुळे मुंबई-पुण्याच्या इतर मराठी कुटुंबांतही ती आली, आणि न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये मुलांची लग्नं करणाऱ्या मराठी घरांना हॉटेलचा हॉल घेतला की ती आपसूकच मिळते. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे. माझं म्हणणं असं की लग्नात जिथे ज्योतीला अर्थ आहे आणि तिच्यावर कुणाचं तरी लक्ष आहे, तिथे ती खरीच असावी. जेवणाच्या टेबलावर तिच्याकडून आपल्याला फक्त उजेड हवा असतो आणि तिच्याकडे लक्ष कुणाचंच नसतं. तिथे बिनज्योतीचा दिवा लावण्यात काहीही उणेपणा नाही, उलट तिथली खरी निवड तीच. मात्र हा दिवा पारखून घ्यावा लागतो, आणि ती पारख सहसा कुणी करत नाही.

लक्ष नसतं हे शब्दशः घ्यायचं. नवरा-नवरी आत आले की सगळं टेबल उठून उभं राहतं, फोटोसाठी नाव पुकारलं की अख्खं कुटुंब निघून जातं, नाच सुरू झाला की मागे रिकाम्या खुर्च्या आणि चार-पाच जळत्या ज्योती उरतात. वरच्या संस्थेच्याच आकडेवारीनुसार २०१५ ते २०१९ या वर्षांत अमेरिकेतल्या घरांना मेणबत्त्यांमुळे लागलेल्या आगी वर्षाला सरासरी ७,४०० च्या घरात होत्या, आणि त्यांतल्या दर पाचांपैकी तीन आगींत पेट घेणारी वस्तू ज्योतीच्या फार जवळ होती. हे आकडे घरांचे आहेत, हॉलचे नाहीत. पण कारण पाहिलं तर लग्नाच्या टेबलावर ते मुद्दाम मांडून ठेवलेलं दिसतं. ऑर्गंझा, नेट, कागदी कार्डं, वाळवलेली जिप्सोफिला आणि अलीकडे फॅशनमध्ये आलेले पांपास गवताचे वाळके तुरे, यांत सहज पेटणार नाही असं काही नाही. शिवाय ज्योतीची आच बाजूला कमी आणि वर फार जाते. टेबलापलीकडचा पाण्याचा जग घ्यायला हात पुढे केला की पदर किंवा ओढणी नेमकी ज्योतीच्या वरूनच जाते. पॉलिएस्टर आणि नायलॉन पेटले की वितळून अंगाला चिकटतात, त्यामुळे भाजणं अधिक खोलवर होतं. लहान मुलांचा चेहरा तर टेबलाच्या उंचीवरच असतो.

सजावटीचं सामान किती लवकर सरपण होतं हे २६ सप्टेंबर २०२३ च्या रात्री इराकमधल्या काराकोश गावात दिसलं. लग्नाच्या हॉलमध्ये शंभराहून अधिक माणसं गेली. तिथली सुरुवात मेणबत्तीने नव्हे, शोभेच्या ठिणग्यांनी झाली. छताची सजावट पेटली आणि ज्वलनशील पॅनेलमुळे आग पसरत गेली. मेणबत्तीवर तो आरोप लावणं चुकीचं होईल, पण एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. टेबलावरच्या मेणबत्त्या काढायच्या आणि वधूवरांच्या प्रवेशाला दोन्ही बाजूंनी कोल्ड पायरोची कारंजी उडवायची, यात काही सुसंगती नाही. नावात ‘कोल्ड’ असलं तरी त्या जळत्या धातूकणांच्या ठिणग्या आहेत. आगीचा विचार करायचा तर तो सगळ्या हॉलचा करावा लागतो.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी ज्याचा आधार घेतला आहे, त्या इंटरनॅशनल फायर कोडमध्ये लोक जमतात अशा सभागृहांत उघड्या ज्योतीला मनाई हाच मूळ नियम आहे. टेबलावरच्या मेणबत्त्यांना सूट मिळते, ती न जळणाऱ्या भक्कम बैठकीवर घट्ट बसवलेल्या आणि ज्योत झाकलेल्या असतील तर. गोव्यात किनाऱ्यावरच्या लग्नांत वाऱ्यामुळे काचेचं नळकांडं लावतात, तो याच जातीचा उपाय. काच उंच असेल आणि ज्योत तिच्या काठाच्या बरीच खाली असेल, तर धोका खरोखर कमी होतो. पण काच तापते, आणि मेणबत्त्या दाटीने ठेवल्या तर त्या एकमेकींना तापवतात. अमेरिकेतल्या मराठी घरांना हे नियम आधी भेटतात ते होमाच्या निमित्ताने. हॉटेलच्या हॉलमध्ये लग्नहोम करायचा तर बऱ्याच ठिकाणी फायर मार्शलची परवानगी काढावी लागते, अग्निशामक नळकांडी जवळ ठेवावी लागतात, धूर ओळखणारी यंत्रणा तेवढ्यापुरती बंद करून माणूस पहाऱ्याला उभा करावा लागतो. हा व्याप अनेकांना जाचक वाटतो. मला तो आगीला दिलेला योग्य मान वाटतो. एक अग्नी, ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि समोर बसलेली सावध माणसं. तीस टेबलांवरच्या दीडशे ज्योतींना अशी राखण देणं कुणालाही शक्य नाही.

मग मेणबत्तीच्या उजेडात आपल्याला आवडतं ते काय, आणि ते ज्योतीशिवाय मिळेल का? मायकेल फॅरडे याने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे सहा व्याख्यानं दिली, ती सगळी एका मेणबत्तीभोवती फिरणारी होती. ज्योतीचा पिवळा उजेड हा तापून तेजाळलेल्या काजळीच्या कणांचा असतो, हे त्याने त्यांत प्रयोग करून दाखवलं. तापलेल्या घन कणांचा उजेड असल्यामुळे त्यात सगळे रंग सलग असतात, तांबड्याकडे झुकलेले. त्याचं रंगतापमान सुमारे १,९०० केल्विन. घरातला ‘वॉर्म’ म्हणून मिळणारा एलईडी बल्ब साधारण २,७०० ते ३,००० केल्विनचा असतो आणि पांढरी ट्यूब ६,५०० च्या आसपास. तांबड्याची ही रेलचेल असल्यामुळेच मेणबत्तीजवळ माणसाचा चेहरा निरोगी दिसतो, जेवण रुचकर दिसतं.

एलईडीची गोष्ट वेगळी. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरच्या फॉस्फरच्या थरामुळे त्या निळ्यातला काही भाग पिवळ्या-तांबड्यात बदलतो आणि डोळ्याला पांढरं दिसतं. या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. फॉस्फर हलक्या प्रतीचा असेल तर गडद तांबडा रंग अपुरा पडतो. बाजारातले सर्वांत स्वस्त एलईडी टी-लाइट, म्हणजे वाटीतल्या छोट्या मेणबत्तीच्या आकाराचे दिवे, तर फॉस्फरच्या भानगडीत न पडता नुसता पिवळा-नारिंगी एलईडी वापरतात. त्यात रंगांची एक अरुंद पट्टीच असते. त्या उजेडात त्वचा करडी पडते, हिरवा शालू काळपट होतो, पैठणीच्या काठावरचे मोर ओळखू येत नाहीत. बिनज्योतीच्या दिव्यांना लोक ‘खोटे’ म्हणतात त्याचं कारण बहुतेकदा हे रंग असतात, ज्योत नसणं नव्हे. दिवे घेताना खोक्यावर दोन आकडे पाहावेत. रंगतापमान २,२०० केल्विन किंवा कमी, आणि रंग किती खरे दिसतात ते सांगणारा सीआरआय ९० किंवा जास्त. खोक्यावर काहीच छापलेलं नसेल, तर अंधाऱ्या खोलीत त्या दिव्याखाली स्वतःचा तळहात आणि लग्नातली साडी धरून पाहावी. पाच सेकंदांत निकाल लागतो.

दुसरी गोष्ट लवलवण्याची. ज्योत सतत थरथरते असा आपला समज आहे आणि दिवे बनवणाऱ्यांचाही आहे, म्हणून ते चिपमध्ये वेडीवाकडी उघडझाप भरून ठेवतात. वास्तविक वारा नसेल तर एकटी मेणबत्ती जवळजवळ स्थिर जळते. देवघरातली समई पाहिली तरी हे कळतं. ज्योत हलते ती झुळुकीने, आणि ते हलणंही सावकाश असतं. त्यामुळे उघडझाप करणाऱ्या स्वस्त दिव्यापेक्षा स्थिर, मंद दिवा खऱ्या मेणबत्तीला अधिक जवळचा आहे. एकाच टेबलावर असे सहा लुकलुकणारे दिवे जेवताना डोळ्यांना त्रास देतात. हलती ज्योत हवीच असेल तर डिस्नेच्या मनोरंजन उद्यानांसाठी विकसित झालेलं आणि पुढे ल्युमिनारा या नावाने बाजारात आलेलं तंत्र चांगलं आहे. त्यात ज्योतीच्या आकाराची एक पातळ चकती मोकळी टांगलेली असते, चुंबकाच्या साहाय्याने ती डुलते आणि तिच्यावर खालून उजेड पडतो. ती चकती खरोखरच हलत असल्यामुळे डोळा फसतो.

तरीही माझं मत असं की जेवणाच्या टेबलावर मेणबत्तीची नक्कल करण्याचीच गरज नाही. मेणबत्तीचे गुण घ्यावेत, रूप घेऊ नये. तिचा उजेड चेहऱ्याच्या पातळीच्या खालून येतो, छतावरच्या दिव्यांसारख्या डोळ्यांखाली सावल्या पाडत नाही. हा गुण कुठल्याही बुटक्या दिव्याला मिळवून देता येतो. फुलदाणीच्या पाण्यात बुडवून ठेवायचे छोटे जलरोधक दिवे काचेतून आणि देठांमधून उजेड वर सोडतात. तांब्याच्या बारीक तारेतले फेअरी लाइट पानांत गुंडाळले की उजेडाचा उगमच दिसत नाही. जाळीदार पितळी भांड्यात ठेवलेला एकच दिवा टेबलभर नक्षी पाडतो. आकाशकंदिलाचा कागद उजेड किती मऊ करतो हे मराठी घरात सांगायला नको, आणि आत ज्योत नसल्यावर तो कागद फुलांच्या मधोमध ठेवायला हरकत उरत नाही. हॉटेलांत अलीकडे दिसणारे बिनतारी, चार्ज होणारे टेबललॅम्प थोडे महाग असले तरी सर्वांत भरवशाचे, कारण त्यांचा उजेड कमी-जास्त करता येतो. उंचीचं एक पथ्य मात्र पाळावं. बसलेल्या माणसाचे डोळे टेबलापासून साधारण ४० सेंटिमीटर वर असतात. म्हणून सजावट एकतर ३० ते ३५ सेंटिमीटरच्या आत असावी, किंवा बारीक दांड्यावर ६० सेंटिमीटरच्या वर. मधल्या उंचीत ठेवलेलं काहीही समोरच्या पाहुण्याचा चेहरा झाकतं.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत मनापासूनचा आक्षेप हा की लग्नासारख्या मंगल प्रसंगी खरी ज्योत हवी, विजेचा दिवा म्हणजे लबाडी. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते टेबलाविषयी नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, ज्या विवाहविधीत सप्तपदी आहे तिथे पवित्र अग्नीसमोर सातवं पाऊल पडतं तेव्हा विवाह पूर्ण होतो. कॅथलिक परंपराही अशीच काटेकोर आहे. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी २००० साली चर्चच्या वास्तू आणि उपासनेविषयी जो दस्तऐवज काढला, त्यात उपासनेतल्या मेणबत्त्यांऐवजी विजेचे दिवे वापरायला स्पष्ट मनाई आहे, आणि कारण दिलं आहे ते प्रतीकाच्या सच्चेपणाचं. म्हणजे ज्यांनी ज्योतीचा अर्थ गांभीर्याने जपला, त्यांनी तिची जागाही ठरवून दिली. होमकुंड, समई, निरांजन, वेदीवरची मेणबत्ती यांना हात लावायचं कारण नाही. तिसऱ्या रांगेतल्या चौदा नंबरच्या टेबलावरची टी-लाइट मात्र कशाचीच साक्षी नसते. तिथली ज्योत काढली तर अर्थाचं काही नुकसान होत नाही, उलट विधीतली ज्योत त्या संध्याकाळची एकमेव ज्योत ठरून उठून दिसते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. वीज म्हणजे सुरक्षित, हे कुणी सांगितलं? २३ जानेवारी २००४ रोजी तमिळनाडूतल्या श्रीरंगमच्या मंगल कार्यालयात लागलेल्या आगीत नवरदेवासह पन्नासहून अधिक माणसं गेली. व्हिडिओ चित्रीकरणाच्या दिव्याच्या विजेच्या जोडणीतून ठिणगी उडाली आणि झावळ्यांच्या मांडवाने पेट घेतला. तिथे मेणबत्ती नव्हती. म्हणून बिनज्योतीचा दिवा म्हटल्यावर टेबलाखालून ओढलेल्या २३० व्होल्टच्या वायरी आणि टेप गुंडाळलेले जोड अजिबात चालणार नाहीत. तीन ते पाच व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, आपल्यापुरता पूर्ण असलेला दिवाच घ्यावा. त्यातही एक धोका लपलेला आहे आणि तो लहान मुलांना आहे. छोट्या एलईडी टी-लाइटमध्ये सीआर२०३२ सारखे बटण सेल असतात. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतसुद्धा आतून गंभीर इजा होऊ शकते. अमेरिकेने २०२२ मध्ये खास यासाठी कायदा केला, रीझेस लॉ या नावाने तो ओळखला जातो. सेलचं झाकण हत्याराशिवाय किंवा दोन वेगळ्या हालचाली एकदम केल्याशिवाय उघडता कामा नये, असं त्याखालच्या नियमांत आहे. मुलं हमखास असणाऱ्या आपल्या लग्नांत स्क्रू नसलेल्या झाकणाचे दिवे टेबलावर ठेवूच नयेत. पेन्सिल सेलवर चालणारे जरा मोठे दिवे या बाबतीत बरे, आणि हिशेबानेही परवडणारे. मेणबत्तीइतका, म्हणजे बारा-तेरा ल्युमेन उजेड द्यायला चांगल्या एलईडीला एक पंचमांश वॉटही लागत नाही. दोन पेन्सिल सेलवर तो तीस तासांच्या आसपास चालू शकतो. तेवढ्याच उजेडासाठी मेणबत्ती ८० वॉटच्या आसपास उष्णता हॉलमध्ये सोडते आणि ती उपसायला एसी चालवावा लागतो.

कचऱ्याचा आक्षेप मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण इथे चूक होण्याची शक्यता सर्वांत जास्त. मेणबत्ती नैसर्गिक आणि एलईडी प्लास्टिकचा, अशी मांडणी पूर्ण बरोबर नाही. बहुतेक मेणबत्त्या पॅराफिनच्या, म्हणजे खनिज तेलातून निघालेल्या असतात. दीडशे टी-लाइटमध्ये दोन किलोच्या आसपास पॅराफिन जळतं आणि दीडशे ॲल्युमिनियमच्या वाट्या उरतात. पण दीडशे स्वस्त एलईडी दिवे एका संध्याकाळी वापरून दुसऱ्या दिवशी फुलांच्या निर्माल्याबरोबर कचऱ्यात गेले, तर ते त्याहून वाईट. प्लास्टिक, सर्किट आणि लिथियमचे सेल, सगळं मातीत. एकदा वापरून फेकण्याच्या वस्तू म्हणून हे दिवे घेणार असाल, तर माझा सगळा युक्तिवाद कोसळतो. ते शेकडो संध्याकाळी वापरले गेले तरच त्यांची बाजू भक्कम होते. म्हणून दिवे विकत घेण्याऐवजी डेकोरेटरकडून भाड्याने घ्यावेत, तेही चार्ज होणारे. एका कुटुंबाला लग्नानंतर दीडशे दिव्यांचा उपयोग नसतो. डेकोरेटरला पुढच्या शनिवारीच असतो. खर्चाच्या आक्षेपाचं उत्तरही यातच आहे, कारण मेणबत्त्या दर लग्नाला नव्याने घ्याव्या लागतात, टेबलक्लॉथवर सांडलेलं मेण काढण्याची मजुरी वेगळी.

ठरवताना डेकोरेटरला एक टेबल पूर्ण मांडून दाखवायला सांगावं, आणि ते संध्याकाळी, हॉलचे मोठे दिवे मंद करून. पाच मेणबत्त्यांचा उजेड जेमतेम साठ ल्युमेन असतो. छतावरचे पांढरे दिवे पूर्ण चालू असतील तर खरी मेणबत्तीही फिकी पडते, मग एलईडीची काय कथा. हॉलचे दिवे मंद होत नसतील तर टेबलावरच्या दिव्यांवर पैसे घालूच नयेत, ते फुलांवर घालावेत. करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: दिवे किती तास चालतील, सेलची झाकणं स्क्रूची आहेत का, आणि समारंभ संपल्यावर दिवे मोजून परत कोण नेणार. आपण स्वतः घेतलेल्या दिव्यांतले सेल संपले तर ते सुट्या डब्यात जमवून बॅटरी किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्यावेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची व्यवस्था उत्पादकांनी करायची आहे, आणि आपल्याकडचे संपलेले सेल घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळे देण्याची जबाबदारी त्याच नियमांनी आपल्यावर टाकली आहे.